पेनड्राइव्ह लावला, लाइट लागला, पुढे काहीच नाही

डेस्कटॉप नसलेल्या लिनक्सवर पेनड्राइव्ह माउंट करायला (म्हणजे आतल्या फायली दिसतील असा मशीनला जोडायला) मला साडेचार महिने लागले. म्हणजे कमांड तशी पाच सेकंदांची आहे, पण ती नेमकी कुठली, ती चालत का नाही, चालली तर गाणी का वाजत नाहीत, आणि एकदा तर लॅपटॉपच का सुरू होत नाही, हे सगळं उलगडेपर्यंत दिवाळी गेली, देवळातला काला झाला, आणि आता वाड्यावर शिगम्याच्या तालमी सुरू आहेत. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो, दिवसा नोकरी, संध्याकाळी भजन, आणि मधल्या वेळात ही खाज. जे अडलंय तेच कुणाला अडलं असेल तर त्याची एखादी रात्र वाचावी म्हणून लिहितोय.

एक आधीच सांगतो, कमांड मी इथे देवनागरीतच लिहिल्यात, टाइप करताना अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या, डॅश आणि स्लॅश जिथल्या तिथे.

सुरुवात झाली १२ ऑक्टोबर २०२५ ला, रविवार होता. विंडोज १० चा सपोर्ट १४ तारखेला संपणार होता आणि माझा लॅपटॉप २०१२ चा, त्यात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नाही, म्हणजे विंडोज ११ साठी सरळ अपात्र. म्हापशाच्या दुकानात नेला तर तिथला मुलगा म्हणाला नवा घ्या. मी नवा घेतला नाही, एक एसएसडी घेतली रु. १,७५० ची आणि सेकंडहँड ४ जीबी रॅम रु. ८०० ला, आणि घरी येऊन विंडोजऐवजी डेबियन १३ हे लिनक्स टाकलं. इन्स्टॉलर शेवटी विचारतो कुठला डेस्कटॉप हवा, तिथे मी सगळ्या टिका काढून टाकल्या आणि नंतर फक्त आय३ नावाचा विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या मांडून देणारा प्रोग्राम, टाकला. (लॅपटॉपचा प्रोसेसरही आय३ आणि विंडो मॅनेजरही आय३, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मी उगाच दोन दिवस समजत होतो की असेल.) सुरू झाल्यावर मशीन जेमतेम चारशे एमबी खातं, बटण दाबलं की काळी स्क्रीन, त्यात लॉगिन करायचं, स्टार्टएक्स टाइप करायचं, आणि आणखी एक काळी स्क्रीन. मला ते भयंकर आवडलं. बायकोने बघितलं आणि विचारलं, बिघडला काय?

इन्स्टॉल करताना आणखी एक केलं होतं ते लक्षात ठेवा, रूटचा (म्हणजे मशीनच्या मुख्य मालक-युजरचा) पासवर्ड रिकामा सोडला. तसं केलं की डेबियन रूटचं खातं कुलूपबंद करतं आणि तुमच्या युजरला सुडोचा, म्हणजे कमांडीच्या आधी सुडो लावून ती रूटच्या हक्काने चालवायचा, अधिकार देतं. ते चांगलंच आहे. पण याच गोष्टीने पुढे मला रडवलं.

आठवडाभर सगळं मस्त. मग आला १९ ऑक्टोबर, नरकासुराची रात्र. आमच्या वाड्यावरच्या पोरांनी महिनाभर खपून उभा केलेला नरकासुराचा पुतळा, डोळ्यांत लाइट, साउंड सिस्टीम भाड्याची, आणि रात्री साडेदहाला शेजारचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन दारात, दादा गेल्या वर्षीची ती मिक्स केलेली गाणी तुझ्याकडे आहेत ना, घालून दे. गाणी होती, सहाशे एमबीचा फोल्डर होता. मी ऐटीत पेनड्राइव्ह लावला. पेनड्राइव्हचा लाइट लागला. आणि बस. कुठे खिडकी उघडली नाही, आवाज नाही, आयकॉन नाही, कारण आयकॉन ठेवायला डेस्कटॉपच नाही.

पोरगा मागे उभा, बाहेरून हाका चालू. मी कुठेतरी वाचलेलं डीमेसेज (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) टाइप केलं, तर त्यानेही हाकललं, परवानगी नाही म्हणे. डेबियनमध्ये कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, मेसेज साध्या युजरला दाखवतच नाहीत, सुडो लावून बघावे लागतात. सुडो लावलं तेव्हा शेवटच्या ओळीत एसडीबी (अख्खा पेनड्राइव्ह) आणि एसडीबी१ (त्यातलं पार्टिशन) दिसलं आणि जीव भांड्यात पडला. म्हणजे मशीनला पेनड्राइव्ह आलाय हे कळलेलं होतं, ते फक्त मला सांगत नव्हतं. (यासाठी सुडोही लागत नाही हे नंतर कळलं, नुसतं एलएसबीएलके टाइप केलं की लावलेल्या सगळ्या डिस्क झाडासारख्या दिसतात, आणि एलएसबीएलके -एफ केलं की आत फायली मांडायची पद्धत फॅट आहे का एनटीएफएस आहे आणि डिस्कचं नाव काय तेही. आता दिवसातून चार वेळा टाइप करतो.)

मग सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी. काही बोललं नाही, म्हणजे झालं. लिनक्समध्ये गप्प राहणं हीच शाबासकी. मग गाणी कॉपी करायला गेलो तर परत परवानगी नाही, कारण माउंट मी सुडोने केलं म्हणजे तो सगळा पेनड्राइव्ह रूटच्या मालकीचा झाला. म्हणून कॉपीही सुडोने. सहाशे एमबी सहा-सात सेकंदांत कॉपी झालं! मी पोराला म्हणालोसुद्धा, बघ, जुना लॅपटॉप पण स्पीड बघ. आणि पेनड्राइव्ह उपटून त्याच्या हातात दिला.

रात्री दीड वाजता फोन. "दादा, अर्दीं गाणीं वाजनांत मरे!"

अर्धी म्हणजे पहिली पाच-सहा धड, मग एक अर्ध्यावर तुटलेलं, आणि पुढच्या फायलींची नावं दिसतायत पण आत काही नाही. शेवटी कुणाच्या तरी मोबाइलला वायर लावून त्यांनी भागवलं, मध्येच त्या मोबाइलवर कुणाच्या तरी आईचा फोन आला तो पूर्ण वाड्याने ऐकला, आणि पहाटे नरकासुर जळाला. मला पुढचे आठ दिवस वाड्यावरून जाताना कुणी ना कुणी विचारायचं, काय दादा, स्पीड काय म्हणतंय.

चूक काय झाली ते नंतर डोळ्यांनी बघितलं म्हणून सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते माउंट करणं ही अर्धीच गोष्ट आहे आणि ती सोपी अर्धी आहे. लिनक्स कॉपी करताना डेटा थेट पेनड्राइव्हवर लिहीत नाही, आधी रॅममध्ये ठेवतो आणि सवडीने लिहितो. कॉपीची कमांड संपली याचा अर्थ एवढाच की माल गोदामात पोचला, गिऱ्हाइकाकडे नाही. लक्ष्मीपूजन वगैरे झाल्यावर एका रात्री मी तोच फोल्डर माझ्या स्वतःच्या जुन्या पेनड्राइव्हवर घातला आणि बाजूच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) वॉच -एन१ ग्रेप डर्टी /प्रॉक/मेमइन्फो चालू ठेवलं (यात डर्टीचा डी तेवढा मोठा). तिथे "डर्टी" म्हणजे रॅममध्ये पडलेला, अजून न लिहिलेला माल. कॉपी संपली तेव्हा आकडा सहा लाख केबीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सगळाच फोल्डर! मग तो हळूहळू खाली, सेकंदाला चार-पाच हजाराने, पेनड्राइव्हचा लाइट आपला लुकलुकतोय, मी चहा करून आणला तरी आकडा चालूच, दोन मिनिटांच्या वर गेली तेव्हा कुठे शेकड्यांत आला. जुन्या पेनड्राइव्हचा लिहायचा वेग सेकंदाला पाच एमबी, तो सहा सेकंदांत सहाशे एमबी कसे लिहील, साधा भागाकार आहे, पण रात्री साडेदहाला कोण करतो. रॅम जेवढी जास्त तेवढी ही फसवणूक मोठी, म्हणजे आठशे रुपयांची रॅम घालून मी स्वतःच खड्डा मोठा केला होता.

उपाय अगदी साधा आहे, काढायच्या आधी सुडो यूमाउंट /एमएनटी. (अनमाउंट नाही, यूमाउंट, एन नाही त्यात. का नाही विचारू नका, मीही दोनदा आपटलो.) ही कमांड सगळा माल पोचेपर्यंत थांबून राहते आणि मगच प्रॉम्प्ट परत देते. ती अडकल्यासारखी वाटते तेव्हा ती अडकलेली नसते, लिहीत असते, तिला लिहू द्या. नुसतं सिंक टाइप केलं तरी माल पोचतो, पण मग माउंट तसंच राहतं आणि पेनड्राइव्ह उपटल्यावर ते भूत मागे उरतं, पुढच्या वेळी तोच पेनड्राइव्ह एसडीबी ऐवजी एसडीसी म्हणून येतो आणि तुम्ही जुन्या सवयीने एसडीबी टाइप करत बसता. म्हणून दरवेळी आधी एलएसबीएलके. पाठांतरावर जाऊ नका.

आता दुसरी कटकट, दरवेळी सुडोने कॉपी करणं. फॅट आणि एक्सफॅटमध्ये फायलीचा मालक कोण हे लिहायची सोयच नाही, म्हणून माउंट करतानाच सांगावं लागतं: सुडो माउंट -ओ यूआयडी=१०००,जीआयडी=१००० आणि पुढे नेहमीचं. १००० हा डेबियनमध्ये पहिल्या युजरचा नंबर, आपला कुठला ते आयडी टाइप केलं की कळतं. हे चाललं. आठवडाभर मी खूश.

पण एवढी लांब ओळ दरवेळी कोण टाइप करणार म्हणून २ नोव्हेंबरला, परत रविवार, मी शहाणपणा केला. एफएसटॅब नावाची फाइल असते, /ईटीसी मध्ये, तिच्यात कुठली डिस्क कुठे लावायची ते लिहून ठेवलं की आपोआप होतं. मी माझ्या पेनड्राइव्हचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख-नंबर) टाकून एक ओळ लिहिली, टेस्ट केली, चालली, पेनड्राइव्ह काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, मशीन बंद केलं, जेवलो. संध्याकाळी सुरू केलं तर स्क्रीनवर एक लाल चांदणी इकडून तिकडे फिरतेय आणि शेजारी सेकंद मोजतंय, अमुक यूयूआयडीच्या डिस्कची वाट बघतोय, मर्यादा दीड मिनिट. ते दीड मिनिट मी श्वास रोखून बघितलं. संपल्यावर म्हणतं इमर्जन्सी मोड, आणि पुढची ओळ, कन्सोल उघडता येत नाही कारण रूटचं खातं लॉक आहे, पुढे जायला एंटर दाबा. एंटर दाबला की परत तेच. परत एंटर, परत तेच. म्हणजे आजारी पडल्यावर जायचं ते दवाखान्याचं दार, त्याला मीच इन्स्टॉलच्या दिवशी कुलूप घालून ठेवलेलं.

झालं असं होतं की एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क ही मशीन बंधनकारक समजतं, ती नसेल तर पुढे जायचंच नाही. बिचारा पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये. आता गंमत बघा, तोच ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह लावून परत सुरू केलं असतं तर मशीन गपचूप चालू झालं असतं! हे मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुचलं. त्या रात्री मी डेबियनच्या इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह (तो अजून पुसला नव्हता, देवाची कृपा) लावून बूट केलं, अॅडव्हान्स्डमध्ये रेस्क्यू मोड असतो, त्याने भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, नेटवर्क विचारलं, सगळं इन्स्टॉलच्या वेळेसारखंच, घाबरायला होतं की हे परत पहिल्यापासून टाकतंय की काय, पण शेवटी ते विचारतं रूट पार्टिशन कुठलं, ते निवडून शेल (कमांड टाइप करायची जागा) उघडला, नॅनो या साध्या एडिटरने एफएसटॅबमधली ती ओळ काढली. रात्री पावणेबारा. एवढ्या वेळात वीज दोनदा गेली ती वेगळी.

तर एफएसटॅबमध्ये काढता-घालता येणारी डिस्क लिहायचीच असेल तर ऑप्शनमध्ये नोऑटो किंवा नोफेल यांतला एक तरी शब्द हवाच, आणि युजर हा शब्द घातला तर सुडोशिवाय माउंट करता येतं. रोज लावायच्या एकाच डिस्कसाठी ते ठीक आहे. पण मला तर शेजारपाजारचे पेनड्राइव्ह, प्रत्येकाचा यूयूआयडी कुठून लिहीत बसणार.

यानंतर खरा उपाय सापडला, त्याचं नाव युडिस्क्स२. डेस्कटॉपवाल्या लिनक्समध्ये पेनड्राइव्ह लावल्यावर जी खिडकी उघडते ना, तिच्यामागे हाच बसलेला असतो, आणि तो डेस्कटॉपशिवायही चालतो. कमांड आहे युडिस्कसीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसडीबी१. सुडो नको, फोल्डर बनवायला नको, मालकी आपोआप तुमची. ८ नोव्हेंबरला मी तो टाकला, पण टाकताना परत शहाणपणा, जागा वाचवायची म्हणून --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स लावून. आणि कमांड दिल्यावर उत्तर आलं ते मी तेव्हा वहीत उतरवून ठेवलंय, मराठीत साधारण असं: काम करायची परवानगी नाही, पोलकिटचे अधिकारी उपलब्ध नाहीत आणि विचारणारा स्वतः शून्य नंबरचा युजर नाही. शून्य नंबर म्हणजे रूट. थोडक्यात, साहेब जाग्यावर नाहीत आणि तुम्ही स्वतः साहेब नाही. मामलेदार कचेरीत उताऱ्यासाठी खेपा घातलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

पोलकिट म्हणजे परवानगी देणारा. युडिस्क्स काम करतो, पण कुणासाठी करायचं ते पोलकिटला विचारून. आणि डेबियनमध्ये पोलकिट हे युडिस्क्सचं सक्तीचं नाही, शिफारशीचं पॅकेज आहे, म्हणून माझ्या काटकसरीत ते आलंच नाही. सुडो अॅप्ट इन्स्टॉल पोलकिटडी, आणि लगेच चाललं: एसडीबी१ लावला /मीडिया/माझं नाव/पेनड्राइव्हचं नाव इथे. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली, घरात कुणी जागं नव्हतं.

याच पोलकिटचा आणखी एक नियम, तोही सांगतो कारण त्यात माझी एक संध्याकाळ गेली. सोप्यावर बसून मोबाइलवरून एसएसएच करून (म्हणजे लांबून लॅपटॉपमध्ये लॉगिन करून) मी तीच कमांड दिली तर तो पासवर्ड मागायला लागला. आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून दिली की मागत नाही. पोलकिट बघतो की माणूस प्रत्यक्ष मशीनसमोर हजर आहे का लांबून बोलतोय, समोर असेल तर पेनड्राइव्हसारख्या वस्तूला पासवर्ड नाही, लांबून असेल तर ओळख दाखवा. विचार केला तर बरोबरच आहे, ज्याने पेनड्राइव्ह लावलाय तो समोरच असणार. आणि मशीनच्या आतली पक्की डिस्क माउंट करायची असेल तर समोर बसलात तरी पासवर्ड लागतो. टर्मिनलमधून केलं तर तिथेच विचारतो, पण टर्मिनलबाहेरून काही केलं तर विचारायला खिडकी हवी आणि ती दाखवणारा प्रोग्राम आय३ मध्ये नसतो, मग ते नुसतं नाही म्हणून मोकळं होतं. त्यासाठी मी एलएक्सपोलकिट टाकलं आणि आय३ च्या कॉन्फिगमध्ये सुरू होताना चालू करायला सांगितलं.

काढताना युडिस्कसीटीएल अनमाउंट -बी /डेव्ह/एसडीबी१ (इथे मात्र एन आहे!), आणि मग युडिस्कसीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी. दुसऱ्यात शेवटचा १ नाही, कारण वीज अख्ख्या डिस्कची बंद होते, पार्टिशनची नाही. पेनड्राइव्हला याची तेवढी गरज नाही पण फिरणाऱ्या हार्डडिस्कला जरूर करा, आतलं फिरणं थांबतं ते बोटाला कळतं. आणि युडिस्क्स फॅटचा पेनड्राइव्ह लावताना स्वतःच फ्लश नावाचा ऑप्शन घालतो, म्हणजे माल रॅममध्ये साठवून न ठेवता लवकर लवकर लिहायला घेतो. नरकासुराच्या रात्री हा असता तर माझी थोडी तरी लाज राहिली असती.

हार्डडिस्कवरून आठवलं, लॅपटॉपमधून काढलेली जुनी डिस्क मी रु. ३५० च्या एका डबीत घालून यूएसबीची केली होती, त्यात मुलीचे लहानपणचे सगळे फोटो. नोव्हेंबरच्या मध्यावर ती लावली, एनटीएफएस, आणि माउंट व्हायला नकार. पोटात गोळा. सुडो डीमेसेज, मग इंटरनेट, मग एनटीएफएस-३जी टाकून (हेही शिफारशीत होतं, हेही मी वगळलं होतं, हसा) त्याने लावली तेव्हा त्याने नीट कारण दिलं, विंडोज पूर्ण बंद केलेलं नाही, डिस्क धोक्याच्या स्थितीत आहे, म्हणून फक्त वाचायला लावतोय. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं तर शटडाउन केल्यावरही ते खरं बंद होत नाही, अर्धं झोपतं. फक्त वाचायला तर वाचायला, मला फोटोच काढायचे होते, सगळे निघाले, दोन तास लागले. तुम्ही विंडोज सोडून इकडे येणार असाल तर डिस्क काढायच्या आधी शेवटचं शटडाउन शिफ्ट दाबून धरून करा, मग ते पूर्ण बंद होतं. नेटवर जबरदस्तीने माउंट करायचे ऑप्शन सापडतात, फोटोंची दुसरी कॉपी कुठे नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

नोव्हेंबरच्या शेवटी यूडिस्की टाकलं. नावात फरक एवढासाच, पण हा युडिस्क्सच्या डोक्यावर बसणारा छोटा प्रोग्राम, पेनड्राइव्ह लावला की आपोआप माउंट करतो, आणि -टी लावलं तर खालच्या पट्टीत आयकॉन दाखवतो, तिथून काढताही येतं. आय३ च्या कॉन्फिगमध्ये एक ओळ. "अमुक लावला" अशी चिठ्ठी स्क्रीनवर यायला डन्स्ट नावाचं आणखी एक लागतं. इथपर्यंत आल्यावर एक मित्र म्हणाला, म्हणजे शेवटी तू हाताने डेस्कटॉपच बांधलास. असेल. पण यातला कुठला गडी काय करतो ते आता मला माहीत आहे, आणि एक जरी रजेवर गेला तरी कुणाच्या दारात जायचं ते कळतं.

डिसेंबरात देवळात काला होता, आदल्या रात्री आमचं भजन, आणि एकाने ते छान रेकॉर्ड केलं, ६४ जीबीच्या एसडी कार्डवर. आमचे अण्णा, वय ८१, त्यांनी त्या रात्री भैरवी अशी लावली की मंडपात चहावालासुद्धा थांबला, ते रेकॉर्डिंग मला कुठल्याही परिस्थितीत हवं होतं. कार्ड लॅपटॉपच्या खाचेत घातलं, ते एसडीबी म्हणून नाही तर एमएमसीबीएलके०पी१ म्हणून येतं, घाबरू नका. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट असतात आणि ते आता कर्नललाच कळतं, वेगळं काही टाकावं लागलं नाही. कॉपी झाली. रेकॉर्डिंगवाला बाहेर स्कूटर चालू ठेवून उभा, कार्ड दे म्हणून. अनमाउंट केलं तर म्हणतं डिस्क वापरात आहे. सगळ्या खिडक्या बंद केल्या, तरी वापरात. बाहेरून हॉर्न. मग फ्यूजर -व्हीएम आणि पुढे कार्डाचा पत्ता, हे टाइप केल्यावर त्याने नावच दिलं: बॅश. म्हणजे मी स्वतः. दुसऱ्या वर्कस्पेसमधल्या एका टर्मिनलमध्ये मी सीडी (फोल्डर बदलायची कमांड) करून त्या कार्डाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलो होतो आणि तिथेच राहिलो होतो. नुसतं सीडी टाइप करून घरी आलो, कार्ड सुटलं. यूमाउंटला -एल लावलं की वापरात असलं तरी सुटल्यासारखं दिसतं, पण ते दिसणंच, माल पोचलाय का ते कळत नाही. अण्णांच्या भैरवीवर तो प्रयोग मी करणार नव्हतो. (फ्यूजर नसेल तर पीएसमिस्क नावाच्या पॅकेजमध्ये असतं.)

जानेवारीत जमिनीचा एक-चौदाचा उतारा प्रिंट करायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि पेनड्राइव्ह परत आला तो व्हायरस घेऊन, आत प्रत्येक फोल्डरच्या नावाचा शॉर्टकट आणि खरा फोल्डर लपवलेला. इथे मात्र ते सगळं उघडं दिसत होतं, शॉर्टकट पुसले, संपलं. मोबाइलही एकदा लावून बघितला, तो एलएसबीएलके मध्ये दिसतच नाही कारण तो डिस्क नाही, एमटीपी नावाची वेगळी भाषा बोलतो, त्याला जेएमटीपीएफएससारखं काहीतरी लागतं, आणि मोबाइलवर फाइल ट्रान्सफर निवडायला विसरलात तर तेही रिकामंच दाखवतं.

परवा रात्री तोच शेजारचा मुलगा परत दारात. शिगम्याच्या चित्ररथाचं म्युझिक झालंय, पेनड्राइव्हवर घालून दे. मी म्हणालो ये, बस. पेनड्राइव्ह लावला, कोपऱ्यात चिठ्ठी आली, फायली घातल्या, आणि त्याला मुद्दाम बाजूला बसवून डर्टीचा आकडा उतरताना दाखवत होतो, हे बघ, हे शून्याजवळ आलं की माल पोचला, आणि मग आपण काय करायचं, तर अनमाउंट, त्याची स्पेलिंग काय. मी कीबोर्डकडे वळून अर्धी कमांड टाइप केली आणि मागे खट् आवाज झाला. त्याने पेनड्राइव्ह उपटून खिशात टाकलेला होता. "जालें न्हू दादा?" म्हणाला, आणि गेला.